गाणं शोधायचं तर माणूस धरा

परभणीला आमच्या लहानपणी कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी घेऊन यायची. ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये यादी संपली तरी शेवटी पाच-सात मिनिटं उरायची. ती जागा कोरी सोडायचं त्या दुकानदाराच्या जिवावर यायचं. मग तो स्वतःच्या मनानं एखाददुसरं गाणं टाकून द्यायचा. मी लिहून दिलेली गाणी आज धड आठवत नाहीत. बी बाजूच्या शेवटी त्यानं टाकलेली मात्र सगळी आठवतात.

पुढं कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं, तेही गेलं. आता खिशातल्या फोनमध्ये कोट्यवधी गाणी आहेत आणि तीच वीस-पंचवीस फिरून फिरून वाजतात. आपलीच यादी अ‍ॅप आपल्याला परत वाचून दाखवतं. उरलेली जागा भरणारा माणूस मध्ये राहिलेला नाही. तो परत कसा शोधायचा, हे मला गेल्या काही वर्षांत जमेल तसं जमलं आहे. स्वतंत्र संगीतातल्या रूट्स, पंक आणि पॉप या तीन वाटांवर, मराठवाड्यात बसून, फार पैसे न घालता.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

स्वतंत्र, ज्याला इंग्रजीत इंडी म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, हक्क शक्यतो स्वतःकडं ठेवून काढलेलं संगीत. ते चांगलंच असतं असं नाही. यात रद्दीही पोत्यानं आहे, आधीच सांगून ठेवतो.

रूट्स म्हणजे एखाद्या मुलखाच्या जुन्या गाण्यावर उभं असलेलं संगीत. मूळ रूपातलंही आणि त्याला फुटलेली नवी पालवीही. पॉप म्हणजे दोनदा ऐकल्यावर तोंडात बसणारी चाल, आणि ती रचणं फार अवघड असतं. पंकबद्दल मात्र गैरसमज मोठा. लोकांना वाटतं, रंगवलेले केस आणि आरडाओरडा. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या: १४ गाणी, सगळी मिळून साधारण २९ मिनिटं. पुढच्याच जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसनवारीच्या सुमारे ५०० पौंडांत चार गाण्यांची तबकडी स्वतः काढली आणि कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं तेही वेष्टनावर छापलं. बघा, यात काही जादू नाही, तुम्हीही काढा, असाच त्याचा अर्थ. पंकचा गाभा हा आहे. केस कसेही ठेवा.

या तिघांना एका लेखात का बांधलं? १९७७ साली लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स रेकॉर्ड लावायचा. पंकच्या तबकड्या तोवर फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून दोन बँडांच्या मधल्या वेळात तो जमैकाचं रेगे वाजवायचा. पंकवाल्या पोरांच्या कानांवर रूट्स पडलं ते असं, उरलेल्या जागेत. लंडनचा तो माणूस आणि परभणीचा आमचा दुकानदार एकाच जातकुळीचे.

(एकनाथांचं भारूड म्हणजे आपलं पंकच, असं बोलायची सध्या टूम आहे. मला ते पटत नाही. पैठणच्या भारुडाला आपलं नाव असताना उसनं नाव कशाला?)

पहिली पायरी: आपल्या कानाला काय ठाऊक आहे, ते लिहून काढा

नवं शोधायला निघालेला माणूस बहुधा थेट 'टॉप ५० इंडी' अशी यादी उघडतो आणि पंधरा मिनिटांत कंटाळतो. उलट्या बाजूनं सुरुवात करा. लहानपणापासून कोणत्या आवाजानं अंगावर काटा येतो? नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरचे आराधी, गोंधळातलं संबळ, लग्नातली हलगी, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, १४ जानेवारीला नामांतर दिनी विद्यापीठाच्या गेटवर रात्री उशिरापर्यंत चालणारी भीमगीतं. यातला एकच आवाज निवडा. तो तुमचा हूक, त्यालाच धरून पुढं जायचं.

मी तुणतुणं निवडलं होतं. एक तार, एक काठी, खाली कातडं मढवलेला पोकळ डबा. असं वाद्य आणखी कुठं वाजतं, हे शोधत मी सहाराच्या वाळवंटात पोचलो. तिथल्या तुआरेग लोकांचा तिनारिवेन नावाचा बँड आहे. त्याचा म्होरक्या इब्राहिम अग अलहबीब यानं लहानपणी पहिली गिटार बनवली ती पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांतून. त्यांचं गाणं ऐका: एकच सूर धरून गिटार फिरत राहते, मागं टाळ्या, आणि झील धरल्यासारखा कोरस. भाषा अक्षरभर कळत नाही, पण गोंधळ ऐकून वाढलेल्या कानाला ते परकं वाटत नाही.

तिथून पुढं सहेल साउंड्स सापडलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं हे छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, ख्रिस्तोफर कर्कली नावाच्या माणसानं उभं केलं. मालीसारख्या देशांत लोक मोबाईलच्या मेमरी कार्डांवर गाणी ठेवतात आणि एकमेकांना देतात, हे त्यानं पाहिलं. ती कार्डं गोळा करून त्यातल्या गाण्यांचा संग्रह त्यानं काढला, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलनावांवरून मूळ गायक हुडकले. नायजरचा गिटारवादक एमडू मॉक्टर जगापुढं आला तो त्या वाटेनं. २०२१ मध्ये त्याचा अल्बम मॅटाडोर या नावाजलेल्या लेबलनं काढला. त्याचीही पहिली गिटार घरी बनवलेली आणि तिलाही सायकलचीच तार. मोबाईलच्या दुकानात 'दोन जीबी भरून दे' म्हणत उभा राहिलेला मराठवाड्यातला कुणीही माणूस हा प्रकार एका वाक्यात समजेल.

घरच्या रूट्ससाठी दोन ठिकाणं सांगतो. 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्याकडं जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या. त्यातली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातली बाबासाहेबांवरची ओवी-गाणी आधी ऐका. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. दुसरं ठिकाण स्मिथसोनियन फोकवेज. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं हे लेबल १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडं गेलं, ते एकही रेकॉर्ड बाजारातून बाद होऊ द्यायची नाही या अटीवर. त्यांच्या अल्बमांसोबतच्या माहितीपुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. गाणी नाही ऐकली तरी चालेल, पुस्तिका वाचा.

दुसरी पायरी: बँडकॅम्पवर ग्राहकाच्या घरात डोकवा

बँडकॅम्प हे संकेतस्थळ २००८ पासून आहे. इथं बँड स्वतःच आपलं दुकान मांडतो, किंमत तोच ठरवतो आणि बहुतेक अल्बम विकत घेण्याआधी पूर्ण ऐकू देतो. आधी अ‍ॅपऐवजी ब्राउझरमध्ये उघडा, म्हणजे पान नीट दिसेल. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत शैली टाका: पंक, फोक, इंडी पॉप, काय हवं ते. प्रत्येक अल्बमच्या तळाशी शैलीच्या आणि शहराच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. मुंबई किंवा पुणे यावर टिचकी मारली की त्या शहरातलं सगळं बाहेर येतं, अगदी ज्याला अकरा जणांनी ऐकलंय तेही.

पण खरी गंमत याच्या पुढं. अल्बमच्या पानावर, तो विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मारा. त्या माणसानं आजवर विकत घेतलेला सगळा संग्रह समोर उघडतो, एखाद्याच्या घरी गेल्यावर त्याचं पुस्तकांचं कपाट बघावं तसा. तुम्हाला आवडलेले निदान तीन अल्बम ज्याच्याकडं आहेत, असा माणूस हुडका आणि त्याच्या संग्रहातले तुम्ही कधी नावही न ऐकलेले पाच अल्बम ऐका. पाचातला एक तरी तुमचा निघतो. त्या माणसाला फॉलो करून ठेवा. माझ्या यादीत असे नऊ जण आहेत. एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या आवडीनिवडी मला माझ्या चुलतभावांपेक्षा जास्त ठाऊक आहेत.

एक सावधगिरी. आवडलेल्या अल्बमांचे पाच-सहा टॅब उघडून ठेवू नका. मी तसं करायचो. लॅपटॉप बंद पडला, सगळं गेलं, आणि एका कोकणी गायिकेचं नाव आजतागायत आठवत नाही. वही ठेवा. साधी, २०० पानी.

तिसरी पायरी: नावं धरून चालत जा

पिपासू वाचक जसा संदर्भसूचीतून पुढचं पुस्तक काढतो, तसं हे. गाणं आवडलं की चार नावं लिहायची: लिहिलं कुणी, वाजवलं कुणी, रेकॉर्ड कुणी केलं, काढलं कुणी. व्हिडिओखालच्या वर्णनात किंवा अल्बमच्या पानावर ती असतात. जुन्या तबकड्यांची श्रेयनामावली डिस्कॉग्स या संकेतस्थळावर मिळते. बहुतेक वेळा गायकापेक्षा ड्रमवाला किंवा साउंड इंजिनिअर जास्त चांगला वाटाड्या निघतो, कारण तो एका वेळी चार बँडांत असतो.

दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड आवडला, तर गायक सूर्यकांत साहनीचं नाव धरा. लिफाफा या नावानं तो एकट्यानं हिंदीत करतो ते संगीत अगदी निराळं आहे. चेन्नईचा कास्टलेस कलेक्टिव्ह २०१७ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार टेन्मा यांनी उभा केला. गाना ही उत्तर चेन्नईतल्या वस्त्यांची गायकी, तिला रॉक आणि रॅपची जोड, आणि विषय थेट जातीचा. जलशाची परंपरा ज्यांच्या घरात आहे त्यांनी हा बँड पहिल्यांदा ऐकावा. त्यातून टेन्माचं नाव धरलं की एक रस्ता, त्यातल्या रॅपर अरिवूचं धरलं की दुसरा.

लेबल म्हणजे तर आयताच वाटाड्या. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड १९८० पासून फक्त आपल्या शहराच्या पंकचा हिशेब ठेवत आलंय. त्यांच्याच फुगाझी या बँडनं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचा हट्ट वर्षानुवर्षं पाळला आणि आपल्या ८०० हून जास्त कार्यक्रमांची रेकॉर्डिंग नंतर लोकांसाठी खुली केली. आपल्याकडं दिल्लीचं अमरस रेकॉर्ड्स आहे. राजस्थानचे सिंधी सारंगीवादक लाखा खान यांचं वादन त्यांनी रेकॉर्ड केलंय. एका लेबलचे चार अल्बम आवडले तर पाचवा डोळे मिटून ऐका.

सुरुवातीला कुणाला धरायचं, म्हणाल तर माझी पसंती अशी. रूट्समध्ये मणिपूरचे रूबेन मशांगवा, जे तांगखुल नागा लोकगीतांत ब्लूज मिसळतात. कालिम्पाँगचे बिपुल छेत्री. आणि मराठीत मुंबईचा अभंग रिपोस्ट, ज्यांच्या गिटार-ड्रमवरच्या अभंगांनी आमच्या टाळकरी मामांनाही मान डोलवायला लावली. (आधी मामा म्हणाले होते, "काय ऐकायलास रे हे, देवाचं हाय का डिस्कोचं?") पंकमध्ये मुंबईचे रायट पेडलर्स आणि लाइटइयर्स एक्सप्लोड, त्याहून कडक हवं असेल तर डेथ बाय फंगी. पॉपमध्ये पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज, कोचीचे व्हेन चाय मेट टोस्ट. प्रतीक कुहाड तुम्हाला माहीत असेलच. मुंबईच्या स्वदेसी या हिपहॉप मंडळींतला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. हे या तीनपैकी कुठल्याच कप्प्यात बसत नाही, तरी ऐका. कप्पे दुकानदारासाठी असतात.

चौथी पायरी: रेडिओ

बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील यांनी १९६७ ते २००४ असं सलग काम केलं आणि कुणी न ऐकलेले बँड रात्री उशिरा वाजवत राहिले. ती परंपरा आज काही स्थानकांनी चालवली आहे. सिअ‍ॅटलचं केईएक्सपी इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळं त्यांचा सकाळचा कार्यक्रम आपल्या जेवणाच्या वेळेला पडतो. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयूवर काय वाजवायचं ते पूर्णपणे निवेदक ठरवतो. तिथं अर्धा तास कंटाळा येईल, मग एकदम काहीतरी कानात घुसेल. जुने कार्यक्रम आणि वाजलेल्या गाण्यांच्या याद्या दोन्हीकडं जपलेल्या आहेत, म्हणून नाव हुकलं तरी सापडतं. रेडिओ गार्डन नावाच्या अ‍ॅपवर पृथ्वीचा गोल फिरवून कुठल्याही गावचं स्थानक लावता येतं. डेटाची काळजी नको: १२८ केबीपीएसचा रेडिओ तासाला साधारण ५८ एमबी खातो. व्हिडिओ लावून स्क्रीन न बघता गाणी ऐकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

अल्गोरिदमला कामाला लावा

स्पॉटिफाय हे गाणी ऐकवणारं अ‍ॅप भारतात २०१९ मध्ये आलं. त्याच्या शिफारशींमागचा एक मोठा हिशेब सोपा आहे: तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, ते तुम्हाला दाखवा. म्हणजे ज्या बँडला ऐकणारेच शंभर आहेत, तो या हिशेबात क्वचितच येतो. शिवाय २०२४ पासून १२ महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला तिथं मोबदला मिळत नाही.

तरी वापर आहे. सोमवारची डिस्कव्हर वीकली यादी चाळायची आणि ओळखीची नावं ओलांडून जायची. नवीन रेकॉर्डिंग २०१५ पासून जगभर बहुतेक शुक्रवारीच निघतात, तेव्हा शुक्रवारी रात्री अर्धा तास राखून ठेवा. घरात पोरांसाठी बडबडगीतं किंवा वरातीसाठी डीजेची गाणी लावायची असतील तर आधी प्रायव्हेट सेशन, म्हणजे ऐकलेलं शिफारशींच्या हिशेबात न धरायची सोय, चालू करा, नाहीतर महिनाभर तीच पाठ सोडत नाहीत.

हल्ली मशीननं तयार केलेले, अस्तित्वातच नसलेले 'कलाकार'ही यादीत घुसतात. ओळखायचं कसं? वादकांची नावं, गाव, एखादा प्रत्यक्ष कार्यक्रमाचा धुरकट का होईना व्हिडिओ, यातलं काही सापडतं का बघा. सहा महिन्यांत आठ अल्बम आणि माणसाचा मागमूस नाही, म्हणजे पुढं चला.

ऐकायचं कसं

पहिल्यांदा काम करता करता. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, दिवे बंद. तिसऱ्यांदा आठवड्यानं. रूट्स बहुतेक दुसऱ्या खेपेला उघडतं, पॉप पहिल्याच. पंक मोठ्या आवाजात आणि उभं राहून ऐकायचं असतं, माझ्या बायकोचं मत काहीही असो. तिसऱ्या खेपेनंतरही काही झालं नाही तर सोडून द्या. सगळं आवडून घ्यायचं कंत्राट आपण घेतलेलं नाही.

पैसे

महिन्याला एक अल्बम विकत घ्या. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं. ५०० रुपयांतले ७५ त्यांचे, थोडे पैसे पाठवण्याच्या खर्चाचे, बाकी बँडचे. २० मार्च २०२० पासून अधूनमधून 'बँडकॅम्प फ्रायडे' असतो, त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात. कार्ड चालत नसेल तर घाबरू नका. माझं तीनदा नाकारलं गेलं आणि मी उगाच बँकेत जाऊन रांगेत उभा राहिलो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळं नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करायचे, खरेदी झाली की परत बंद. उतरवताना ३२० केबीपीएसचा एमपीथ्री पुरे, ४० मिनिटांचा अल्बम जेमतेम ९६ एमबी होतो.

प्रत्यक्ष

मोठे कार्यक्रम पुण्या-मुंबईलाच होतात, त्याला इलाज नाही. रात्रीची गाडी धरून जायचंच असेल तर पोस्टरवर ज्याचं नाव सगळ्यांत बारीक अक्षरात आहे त्याच्यासाठी वेळेआधी पोचा. तो दुपारी चारला वाजवतो, समोर वीस माणसं असतात, आणि नंतर निवांत बोलतो. त्याला एकच विचारा: "तुम्ही सध्या कुणाला ऐकताय?" वहीतली माझी निम्मी नावं या एका प्रश्नातून आलेली आहेत.

आणि गावात? दर आठवड्याला चार मित्रांना एकच गाणं पाठवा, दोन ओळी लिहून: कुणाचं, कुठलं, का. पंधरा लिंका एकदम टाकल्या तर कुणी उघडत नाही. जागरण-गोंधळाला गेलात तर संबळवाल्याचं नाव विचारा. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, विचारल्याशिवाय कुठं टाकू नका, आणि फाइलला नाव, गाव, तारीख द्या. 'पारंपरिक' लिहून मोकळं होऊ नका. फोन वाद्यापासून चार-पाच हात लांब, पंखा बंद.

माझ्या आत्याच्या ओव्या मी अशाच रेकॉर्ड केल्या. तीन ओव्या म्हणून झाल्यावर ती चुलीकडं वळली, आणि मी बंद करायचं बटण दाबायचं विसरलो. पुढच्या दीड मिनिटात भाकरीच्या थापांवर ती दुसरंच काहीतरी गुणगुणत होती, जे मी तिच्या तोंडून आधी कधीच ऐकलं नव्हतं. तेव्हा गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग लगेच बंद करू नका.